न्हाणीतला टब कोणासाठी?

पत्राचा सारांश: अमरावती जिल्ह्याच्या दर्यापूर तालुक्यातील एका खेड्यातून एका सेवानिवृत्त शिक्षिकेने हे पत्र लिहिले आहे. घर शेतकऱ्याचे आणि वडिलोपार्जित आहे. दिवाळीनंतर जुनी न्हाणी आणि तिच्या शेजारची भांड्यांची मोरी एक करून 6 बाय 8 फुटांचे नवे न्हाणीघर बांधायचे ठरले आहे. बाईंना बरीच वर्षे पाठीचे दुखणे आहे. नागपूरला मुलीच्या घरी टबातल्या कोमट पाण्यात बसल्यावर त्यांना फार आराम वाटला, म्हणून आपल्याही घरी टब असावा असे त्यांच्या मनात आले. यजमानांना ही पाण्याची आणि पैशाची उधळपट्टी वाटते, शिवाय गाव हसेल असेही ते म्हणतात. सासूबाई 78 वर्षांच्या असून त्यांचे गुडघे दुखतात, त्यांनाही टबाचा उपयोग होईल आणि उन्हाळ्यात नळ चार-चार दिवस येत नाही तेव्हा टबात पाणी साठवता येईल, असे बाईंचे म्हणणे आहे. मिस्त्री विटांचा टब बांधून त्याला टाइल लावायला सांगतो, दुकानदार अ‍ॅक्रिलिकचा टब दाखवतो आणि भाच्याने पाण्याचे फवारे सोडणारा जेटचा टब सुचवला आहे. ‘यातले काय घ्यावे, की हा विचारच सोडून द्यावा?’ असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई,

पत्राच्या शेवटी, जवळजवळ ओघात, तुम्ही लिहिले आहे की लग्न झाल्यापासून आंघोळीला दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ तुम्ही कधी घेतला नाही, कारण बाहेर कोणीतरी नेहमी थांबलेले असायचे. टबाच्या किमतीपेक्षा हे वाक्य मला महत्त्वाचे वाटते. आपल्याकडच्या बहुतेक घरांत न्हाणी ही घरातली सर्वांत उशिरा दुरुस्त होणारी जागा असते. आधी ओसरीला फरशी बसते, दर्शनी भिंतीला रंग लागतो, गच्चीवर टाकी चढते, आणि बाया मात्र टिनाच्या दाराला विटेचा टेकू लावून अंधाऱ्या मोरीत आंघोळ उरकत राहतात. तेव्हा पाठीला शेक मिळावा आणि अर्धा तास दाराला कडी लावून निवांत बसता यावे, ही तुमची इच्छा मला उधळपट्टी वाटत नाही. गाव काय म्हणेल या प्रश्नाला मी एवढेच उत्तर देईन की गावातल्या कोणाची पाठ तुमच्याऐवजी दुखत नाही.

मात्र तुमचे यजमान पाण्याविषयी जे म्हणतात ते वेगळे आहे, आणि ते नीट मोजून पाहिले पाहिजे. पाच फूट लांब आणि अडीच फूट रुंद अशा नेहमीच्या टबात माणूस छातीपर्यंत बुडायचे म्हटले, तर साधारण 150 लिटर पाणी भरावे लागते. दोन बादल्यांची आंघोळ 30 ते 40 लिटरमध्ये होते, म्हणजे टबातली एक आंघोळ बादलीच्या चार-पाच आंघोळींइतकी झाली. जलजीवन मिशनने ग्रामीण भागासाठी माणशी दिवसाला 55 लिटर पाण्याचे प्रमाण धरले आहे. त्या हिशेबाने तुमचा एक टब म्हणजे जवळपास तीन माणसांचे दिवसभराचे पाणी. हिवाळ्यात, शहानूर धरणाच्या योजनेचे पाणी वेळेवर येत असताना, आठवड्यातून एकदा एवढे पाणी वापरणे तुमच्या घराला जड जाणार नाही. एप्रिलपासून जूनपर्यंत ते शक्य नाही, आणि शेजारी टँकरची वाट पाहत उभे असताना तुमच्याच्याने ते होणारही नाही. त्यामुळे टब घेतलाच तर तो वर्षातले सात-आठ महिने, तेही आठवड्यातून एक-दोनदा वापरायची वस्तू आहे असे धरून चाला. एवढ्या वापरासाठी तो हवा आहे का, हे तुम्ही स्वतःला विचारायचे आहे. माझ्या मते पाठीच्या दुखण्याला थंडीत त्याचा उपयोग होत असेल, तर एवढा वापरही पुरेसा आहे.

पाण्याइतकाच प्रश्न ते तापवण्याचा आहे. दुकानात टबाजवळ उभे असताना तो कोणाच्या लक्षात येत नाही. 25 लिटरच्या गिझरमधले 60 अंशांचे पाणी 20 अंशांच्या थंड पाण्यात मिसळले, तर 40 अंशांचे कोमट पाणी सुमारे 50 लिटर होते. म्हणजे 150 लिटरचा टब भरायला गिझर तीनदा तापवावा लागेल. दोन किलोवॉटच्या गिझरला प्रत्येक खेपेला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागतो, तोपर्यंत टबातले पहिले पाणी निवते. वीज साडेतीन युनिटच्या आसपास जाते, पण खेड्यात युनिटपेक्षा सलग दोन तास वीज मिळण्याचीच चिंता अधिक. लहान गिझरवर मोठा टब घेणाऱ्यांची हौस पहिल्या हिवाळ्यातच संपते, आणि पुढे त्या टबात धुण्याचे कपडे पडलेले दिसतात.

यावर दोन उपाय आहेत. पहिला उपाय टब लहान घेण्याचा. चार ते साडेचार फुटांचे, थोडे खोल आणि मागची बाजू उभट असलेले टब मिळतात. त्यात पाय पसरता येत नाहीत, गुडघे दुमडून बसावे लागते, पण कंबर आणि पाठ पूर्ण बुडते, आणि तुम्हाला तेच हवे आहे. अशा टबाला 100 ते 120 लिटर पाणी पुरते आणि 50 लिटरचा गिझर एकदा तापवला की काम जवळजवळ भागते. दुसरा उपाय सौरबंबाचा आहे. 100 लिटरच्या सौरबंबात स्वच्छ उन्हाच्या दिवशी संध्याकाळपर्यंत साधारण 60 अंशांचे पाणी तयार होते, आणि विदर्भात हिवाळ्याचे ऊन भरपूर असते. फक्त तुमच्या भागातले पाणी पाहता काचेच्या नळ्यांचा बंब घ्या, कारण तांब्याच्या बारीक नळ्यांच्या सपाट बंबात क्षार लवकर साचून नळ्या बुजतात. चुलीवर पऱ्हाटी-तुराटी जाळून पाणी तापवण्याची सोय तुमच्याकडे आहेच. पण उकळत्या पाण्याची पातेली उचलून ओल्या फरशीवरून टबापर्यंत नेणे पाठ दुखणाऱ्या बाईने करू नये, आणि कोणी करून दिलेच तर टबात आधी गार पाणी असले पाहिजे. उकळते पाणी थेट ओतल्याने अ‍ॅक्रिलिक मऊ पडून टबाचा आकार बिघडू शकतो, आणि भाजण्याचा धोका तर वेगळाच.

आता सासूबाईंविषयी. तुम्ही त्यांचा विचार केलात हे चांगलेच आहे, पण तो पुन्हा करावा अशी माझी विनंती आहे. टबाची कड फरशीपासून 16 ते 20 इंच उंच असते. आत जाण्यासाठी एका पायावर सगळा भार घेऊन दुसरा पाय ती कड ओलांडून गुळगुळीत, ओल्या तळावर टेकवावा लागतो, आणि आंघोळीनंतर खोलगट जागेतून गुडघ्यांवर जोर देऊन उठावे लागते. 78 वर्षांच्या आणि गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी न्हाणीघरात याहून धोक्याची हालचाल दुसरी नसेल. या वयात खुब्याचे हाड मोडले तर माणूस महिनोन् महिने अंथरुणाला खिळतो. टब त्यांच्यासाठी नाही, आणि त्यांना उपयोग होईल हे कारण तुमच्या यादीतून काढून टाका. स्वतःची इच्छा घरात पुढे करताना ती दुसऱ्या कोणाच्या तरी सोयीची म्हणून मांडायची सवय आपल्याकडच्या अनेक बायकांना लागलेली असते. तुम्ही ‘मला हवा आहे’ एवढे म्हणालात तरी पुरे आहे.

सासूबाईंसाठी जे करायचे ते टबाच्या आधी करा, आणि पैसे कमी पडले तर टब पुढच्या वर्षावर ढकला, पण हे ढकलू नका. न्हाणीघराच्या दाराला उंबरठा ठेवू नका, किंवा जेमतेम अर्ध्या इंचाचा उतरता ठेवा. दार बाहेरच्या बाजूला उघडणारे करा, म्हणजे आत कोणी पडले तरी दार अडकून राहत नाही, बाहेरून उघडता येते. फरशी खरखरीत, न घसरणारी घ्या आणि तिला दर पाच फुटांना एक इंच असा उतार मोरीच्या जाळीकडे द्या. भिंतीला लागून दीड फूट उंचीचा बसायचा ओटा किंवा भक्कम स्टूल, त्याच्या हाताशी लांब नळीचा शॉवर, आणि अडीच ते तीन फुटांवर स्टीलचा आडवा दांडा, एवढे झाले की म्हाताऱ्या माणसाची आंघोळ दुसऱ्याच्या आधाराशिवाय होते. दांडा विटांच्या भिंतीत खोलवर बोल्ट घालून बसवा. टॉवेल टांगायचा दांडा माणसाचा भार सोसत नाही, आणि तोल जाताना हात नेमका त्यालाच जातो. संडास अजून अंगणापलीकडे असेल, तर याच न्हाणीघरात बसायच्या कमोडसाठी पाइपाची जागा आत्ताच काढून ठेवा. 6 बाय 8 फुटांत हे सगळे मावते. सहा फुटांच्या आडव्या भिंतीला टब लावला तर त्याची रुंदी अडीच फूट जाऊन पुढे 6 बाय साडेपाच फुटांची मोकळी जागा उरते.

उन्हाळ्यात टबात पाणी साठवण्याचा विचार मात्र पूर्ण सोडा. उघड्या, स्वच्छ, साठलेल्या पाण्यात डेंग्यू पसरवणारा डास अंडी घालतो, आणि त्यापासून नवे डास तयार व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. आरोग्य खात्याचे लोक गावोगाव पाण्याची भांडी रिकामी करून कोरडा दिवस पाळायला सांगतात ते याचसाठी. शिवाय घरात नातवंडे येत असतील तर हेही लक्षात ठेवा की रांगते किंवा नुकते चालू लागलेले मूल चार-सहा इंच पाण्यातही बुडू शकते आणि ते बुडताना आवाज होत नाही. तुम्ही उठलात की टब रिकामा झाला पाहिजे, हा नियम पहिल्या दिवसापासून घरात ठेवा. पाणी साठवायचे तर झाकणाची टाकी घ्या.

आता तुमचा मूळ प्रश्न, टब कशाचा घ्यावा. मिस्त्रीने सुचवलेला विटांचा टब मी तुमच्या घरासाठी नाकारीन. टाइलांमधले सांधे ही त्याची कमजोर बाजू आहे. त्यांत क्षार आणि शेवाळ धरते, काही वर्षांत ते भुगा होऊन गळू लागतात, आणि विटा व सिमेंट पाण्याची ऊब शोषून घेत असल्याने कोमट पाणी लवकर थंड पडते. पण मुख्य कारण तुमच्या पायाखालची माती आहे. काळी माती ओलीने फुगते आणि वाळली की आकसते, हे शेतात भेगा पाहणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. विटांचा टब खालून थोडा थोडा पाझरू लागला तर ते कित्येक महिने कळत नाही, आणि कळते तेव्हा शेजारच्या भिंतीला तडा गेलेला असतो. ज्यांच्या घरी पाया मुरमाड किंवा खडकाळ जमिनीवर आहे त्यांना ही भीती कमी. पूर्णेच्या खोऱ्यातल्या घरांना ती नक्की आहे.

ओतीव लोखंडाचे टब शेकडो वर्षे टिकतील असे दुकानदार सांगतात, पण रिकामा टबच दीडशे किलोंच्या घरात जातो आणि आपल्याकडे तो सहज मिळतही नाही. पत्र्यावर मुलामा दिलेला टब दिसायला सुरेख असतो, पण तांब्या हातातून सुटून एक टवका उडाला की खाऱ्या पाण्याने तिथून गंज धरतो. साधा फायबरचा टब स्वस्त पडतो, मात्र त्याचा वरचा थर काही वर्षांत निस्तेज आणि चरबट होतो. या सगळ्यांत अ‍ॅक्रिलिकचा टब, पाठीमागून फायबरचे अस्तर असलेला, तुम्हाला बरा. वजन 30 ते 40 किलो, हाताला थंड लागत नाही, ऊब बरी धरतो आणि बारीक ओरखडा पॉलिशने जातो. विकत घेताना अंगठ्याने तळ आणि कडा दाबून पाहा. तळ लवत असेल तर अस्तर पातळ आहे असे समजा. आणि अमरावतीला किंवा अकोल्याला गेलात की दुकानात चपला काढून टबात प्रत्यक्ष बसा. लाजू नका. पाठ टेकते का, उठताना हात कुठे टेकवावा लागतो, पाणी बाहेर जाण्याचे वरचे भोक तळापासून किती उंचीवर आहे, हे बसल्याशिवाय समजत नाही. टबात पाणी त्या भोकापर्यंतच भरते, त्यामुळे बाहेरून खोल दिसणारा टब आतून उथळ निघू शकतो.

भाच्याने सांगितलेला जेटचा टब घेऊ नका. अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांतला खारपाणपट्टा तुम्हाला मी काय सांगावा. बोअरचे पाणी खारे आणि जड, बादलीच्या काठावर आणि गिझरच्या कॉइलवर पांढरा थर चढवणारे. जेटच्या बारीक तोंडांत आणि पंपात तोच थर चढतो, आतल्या नळ्यांत उरलेले पाणी कुजते, आणि दुरुस्तीला माणूस नागपूरहून बोलवावा लागतो. साध्या टबावरही क्षार बसतीलच, म्हणून टबात शक्यतो नळाचेच पाणी घ्या आणि वापरानंतर टब कोरड्या फडक्याने पुसा. पांढरे डाग पडले तर पाण्यात विरघळवलेले लिंबूसत्व किंवा व्हिनेगर फडक्याने लावून पाच-दहा मिनिटांनी भरपूर पाण्याने धुवा. न्हाणी धुवायला आपल्याकडे सर्रास वापरतात ते अ‍ॅसिड टबाला, नळांच्या चकाकीला आणि टाइलांच्या सांध्यांना खाते, आणि बंद न्हाणीत त्याची वाफ छातीलाही बाधते.

टबाचे पाणी जाणार कुठे, हेही आधी ठरवा. 100 लिटर पाणी पाच मिनिटांत शोषखड्ड्यात गेले तर काळ्या मातीत ते मुरत नाही आणि खड्डा तुंबून पाणी गल्लीत येते. पाणी परसातल्या केळी-आळूला सोडायचे असेल तर नळाचे गोडे पाणी आणि साबण बेताचा असेल तेव्हाच सोडा. खारे बोअरचे पाणी वारंवार सोडल्याने त्यातल्या सोडियममुळे जमीन चिबड आणि टणक होत जाते.

तुमच्या जागेचा प्रश्न तळमजल्याचा आहे, हे बरे. पण पाठीच्या शेकासाठी कोणी वरच्या मजल्यावर टब बसवायच्या विचारात असेल तर थांबा. राहत्या घरातल्या न्हाणीच्या स्लॅबसाठी भारतीय मानकात चौरस मीटरला सुमारे 200 किलो वापराचे वजन धरलेले असते. 150 लिटर पाणी म्हणजे 150 किलो, त्यात माणूस आणि टब धरला की सव्वा चौरस मीटरहून कमी जागेवर अडीचशे किलो भार येतो. विटांचा टब असेल तर तो रिकामा असतानाच काही शे किलो वजनाचा असतो. स्लॅबमध्ये सळई किती आणि कशी आहे हे माहीत असलेल्या अभियंत्याला विचारल्याशिवाय तिथे टब ठेवू नये.

पाठीच्या शेकाविषयीही थोडे सांगते. पाणी 40 अंशांच्या वर नको आणि पंधरा-वीस मिनिटांहून जास्त बसू नका. गरम पाण्यातून एकदम उठल्यावर रक्तदाब उतरून चक्कर येऊ शकते, म्हणून आधी पाणी सोडून द्या, थोडे बसा आणि मग दांडा धरून उठा. रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या गोळ्या चालू असतील, किंवा मधुमेहामुळे तळपायांची जाणीव कमी झाली असेल, तर टब घेण्याआधीच डॉक्टरांशी बोला, कारण बधिर पायाला पाण्याचा चटका कळत नाही. पाठदुखी पायात उतरत असेल, मुंग्या येत असतील, तर तिचे कारण आधी शोधले पाहिजे आणि ते काम टबाचे नाही.

एवढे वाचूनही मनाची तयारी होत नसेल, तर मधला मार्ग आहे. आत्ता न्हाणीघर बांधताना टबाची जागा मोकळी सोडा, तिथे गरम-गार पाण्याचे नळ आणि दीड इंची सांडपाण्याचा पाइप जमिनीत टाकून त्याचे तोंड बंद करून ठेवा. एक हिवाळा त्या जागेवर ओट्यावर बसून, दाराला कडी लावून, अर्धा तास सावकाश गरम पाणी घेऊन पाहा. पाठीला तेवढ्याने बरे वाटले आणि निवांतपणाही मिळाला, तर टबाचे पैसे वाचले. नाही वाटले तर पुढच्या दिवाळीत टब आणा, फरशी फोडावी लागणार नाही. तुमच्या पत्रावरून मला मात्र असे वाटते की तुमचे मन ठरलेले आहे, आणि तसे असेल तर सव्वाचार फुटांच्या आसपासचा अ‍ॅक्रिलिकचा साधा टब घ्या. यजमानांना हवे तर आठवड्याच्या पाण्याचा हिशेब कागदावर मांडून दाखवा. त्यांचा आक्षेप पाण्याचा असेल तर तो त्यात मिटेल. लोकलाजेचा असेल तर तो बोलण्यातूनच मिटवावा लागेल, पण निदान भांडण कशावरून आहे हे दोघांनाही कळेल.

मिस्त्रीला कामाचा क्रम आधीच सांगून ठेवा. टबाखालची काळी माती काढून मुरूम भरायचा, पाणी मारून ठोकायचा आणि त्यावर चार इंच काँक्रीट टाकायचे. फरशीखालचे पाणीरोधक काम झाले की चोवीस तास पाणी तुंबवून पाहायचे. गिझरचे बटण न्हाणीबाहेर, अर्थिंग पक्के आणि लाइनवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारे बटण, हवाच. टब बसवल्यावर बाजूची भिंत चिणण्याआधी तो वरच्या भोकापर्यंत भरून एक रात्र ठेवायचा आणि खालचा जोड हात लावून कोरडा आहे ना ते तुम्ही स्वतः पाहायचे. त्या जोडाच्या बाजूला फूटभर चौकोनी, उघडता येणारी झडप ठेवायची, नाहीतर उद्या टबाखालचा ट्रॅप, म्हणजे सांडपाण्याचा वाकडा पाइप, तुंबला की टाइल फोडाव्या लागतील. भिंत आणि टब यांच्या फटीत सिलिकॉन भरायचे तेव्हा टब पाण्याने भरलेला असू द्या. रिकाम्या टबाला सिलिकॉन लावले तर पुढे पाण्याच्या आणि माणसाच्या वजनाने टब किंचित खाली बसतो, ती फट उघडते आणि पाणी मागे झिरपू लागते. सिलिकॉन चोवीस तास सुकल्यावर पाणी सोडून द्या, तळाला न घसरणाऱ्या पट्ट्या चिकटवा, आणि मग टब वापरायला घ्या.